पाण्यातून आलेला धूर

लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावांतून मोठ्या संख्येने तरुण महाविद्यालयीन शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला जातात. सिगारेट घातक, हे त्यांना शाळेपासून ठाऊक असते. पाकिटावर ते छापलेलेच असते. हुक्क्याच्या भांड्यावर मात्र काही छापलेले नसते. मग पाण्यातून गाळून आलेला, सफरचंदाच्या वासाचा धूर निरुपद्रवी असणार, हा समज सहज रुजतो.

हा समज साफ खोटा आहे. पाण्याने धूर थंड होतो, शुद्ध होत नाही; आणि थंड झाल्यामुळेच तो छातीत खोलवर ओढता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच हिशेब मांडला होता. सिगारेट ओढणारा पाच-सात मिनिटांत ८ ते १२ झुरके घेतो, तर हुक्क्याच्या एका बैठकीत २० ते ८० मिनिटांत ५० ते २०० झुरके होतात. ‘हर्बल’ म्हणून तंबाखू वगळला, तरी वरचा निखारा कोळशाचाच! त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. जी भोवळ मुलांना ‘मजा’ वाटते, ती पुष्कळदा या विषबाधेची खूण असते. हे नव्या जमान्याचे लक्षण म्हणावे, तर तेही नव्हे. असद बेगने विजापुराहून आणलेला तंबाखू अकबरापुढे ठेवला, तेव्हा दरबारच्या हकिमानेच त्या अपरिचित द्रव्याला विरोध केला होता!

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखविले गेले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद केली. कायदा योग्यच आहे. पण तो पार्लरच्या मालकाला पकडतो. चार मित्रांच्या भाड्याच्या खोलीत त्याचा हात पोहोचत नाही. तेथे केवळ माहितीच पोहोचू शकते.

ती देण्याची आपली रीत मोठी विचित्र आहे. तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, म्हणजे ऐन सुट्टीत, रिकाम्या महाविद्यालयांत साजरा होतो. त्यापेक्षा जुलैमध्ये प्राध्यापकाने निखारा, वायू आणि रक्त यांचा संबंध फळ्यावर समजावून दिला, तर शंभर शपथांहून अधिक काम होईल.

आणि घराचे काय? अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण वडिलांसाठी पुडी न्यायला आलेल्या पोराला टपरीवाला वय विचारीत नाही.