कुलपासाठी थांबलेले यंत्र

'प्लेस्टेशन ३'च्या विलंबाचा विषय निघाला, की तर्कांची सरबत्ती सुरू होते. कोणी म्हणते 'सेल' ही चिप वेळेत सिद्ध झाली नव्हती. कोणी म्हणते खेळच अपुरे होते. कोणी उत्पादनखर्चाकडे बोट दाखवते. या तर्कांत तथ्यांश नसेलच, असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. व्यंजनेच्या मागे धावताना अभिधा वाचायचीच राहून जाते, हा साहित्यसमीक्षेतील जुना दोष येथेही दिसतो.

वस्तुतः सोनीने कारण लपवले नव्हते. २००६च्या वसंतात येणारे यंत्र नोव्हेंबरवर ढकलताना कंपनीने मार्च २००६ मध्ये सांगितले, की ब्लू-रे चकतीवरील नक्कलविरोधी तंत्राचे अंतिम स्वरूप ठरलेले नाही. सप्टेंबरात निळ्या लेसरच्या डायोडचा तुटवडा पुढे आला आणि युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली. दोन्ही कारणे ब्लू-रेचीच. मग गुपित शोधायचे कशाला? जे जाहीरपणे सांगितले गेले, तेच पुरेसे गंभीर नाही काय?

ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावतात, डीव्हीडीच्या दोन थरांत साडेआठच. मोठ्या खेळांना ही जागा पुढे उपयोगी पडली, हे मान्य. परंतु जागा ही एक गोष्ट आणि कुलूप ही दुसरी. ज्या 'एएसीएस' कुलपाची ब्लू-रेला प्रतीक्षा होती, ते चित्रपटांच्या रक्षणासाठी होते आणि ते घडवणाऱ्यांत डिस्ने व वॉर्नर होते. त्याच गटात असलेल्या मायक्रोसॉफ्टने मात्र साधी डीव्हीडी घेऊन नोव्हेंबर २००५ मध्येच 'एक्सबॉक्स ३६०' बाजारात आणले होते.

त्या कुलपाचे पुढे काय झाले? डीव्हीडीचे कुलूप १९९९ मध्ये फुटले होते. याच्या किल्ल्याही २००७ च्या पूर्वार्धातच इंटरनेटवर फिरू लागल्या.

सोनीच्या हिशेबात अर्थात तोटा नव्हता. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीचा नाद सोडला आणि चकत्यांचे युद्ध ब्लू-रेने जिंकले. पण या युद्धाचे सैनिक कोण? अमेरिकेत ४९९ वा ५९९ डॉलर मोजून खेळण्यासाठी यंत्र घेणारे ग्राहक. तेव्हा 'कंपनीने काय दडवले?' हा प्रश्न आता पुरे. 'कंपनी कोणासाठी थांबली?' हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर 'खेळाडूंसाठी' असे नाही.