फुकटचं एआय मोबाईलमध्ये आलं, पण मुदत संपल्यावर काय?

रिचार्ज मारायला मोबाईल दुकानात गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, “भाऊ, ते एआय फुकटात चालू करून देऊ का?” पस्तीस हजारांची वस्तू फुकट म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? दुकानदार दोन-चार बटणं दाबतो, ‘झालं’ म्हणतो आणि गिऱ्हाईक घरी जातं. काय चालू झालं, किती दिवसांसाठी आणि कोणाच्या खात्यावर, हे विचारायचं राहूनच जातं.

सुरुवात एअरटेलने केली. जुलै २०२५ मध्ये कंपनीने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना ‘परप्लेक्सिटी प्रो’ ही सेवा एक वर्ष मोफत जाहीर केली. तिची किंमत सांगितली वर्षाला १७ हजार रुपये. ३० ऑक्टोबरला जिओ आणि गुगल एकत्र आले आणि ‘जेमिनी’चा महागडा प्लॅन १८ महिने फुकट देऊ म्हणाले. महिन्याला १,९५० रुपयांप्रमाणे त्याची किंमत होते ३५,१०० रुपये. आधी ही ऑफर १८ ते २५ वयाच्या पोरांसाठी होती, पण काही दिवसांतच बाकीच्यांनाही खुली झाली. पाठोपाठ ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने भारतात महिना ३९९ रुपयांचा ‘गो’ प्लॅन एक वर्ष मोफत केला. चार महिन्यांत तीन कंपन्या दारात उभ्या राहिल्या.

एवढं प्रेम कशामुळे? अमेरिकेतलं गिऱ्हाईक महिन्याला वीस डॉलर सहज मोजतं. आपल्याकडे तेवढे पैसे देणारे थोडे, पण वापरणारे अफाट. चॅटजीपीटीसाठी अमेरिकेनंतर सगळ्यात मोठा बाजार भारताचाच आहे. शिवाय मराठी, हिंदी, तेलुगूत लोक नेमकं काय विचारतात, कसं विचारतात, ही माहिती विकत घ्यायला गेलं तर सहजी मिळत नाही. म्हणून आज त्या पैसे नाही, सवय गोळा करत आहेत.

ही चाल आपल्याला नवी नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, तेव्हा सगळं फुकट होतं. मुदत आधी डिसेंबरपर्यंत होती, मग मार्च २०१७ पर्यंत वाढली. त्यानंतर ९९ रुपयांची प्राइम मेंबरशिप आणि ३०३ चं रिचार्ज आलं. पुढे जुलै २०२४ मध्ये २३९ चं रिचार्ज २९९ ला गेलं, तेव्हा पारावर दोन दिवस शिव्या पडल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी रिचार्ज मारलं. अर्थात, त्या फुकट डेटामुळे गावाचं वाटोळं झालं असंही नाही. बाजारभाव, हवामान, पोरांचा अभ्यास, पैशाची देवघेव, सगळं त्यावरच हातात आलं. पण एकदा नेटशिवाय चालेना झालं की भाव कंपनी ठरवते, हेही तेव्हाच कळलं.

आता ‘फुकट’चा हिशोब करू. जिओची ऑफर मिळते ती अनलिमिटेड ५जी असलेल्या रिचार्जवर, म्हणजे महिन्याच्या पॅकमध्ये ३४९ रुपयांपासून पुढे. पूर्ण १८ महिने असं रिचार्ज चालू ठेवावं लागतं. २८ दिवसांचं एक रिचार्ज धरलं तर दीड वर्षात साधारण २० रिचार्ज होतात. जो आधीच ३४९ मारत होता, त्याला खरंच वेगळं काही द्यावं लागत नाही. २९९ वाला यासाठी वर चढला तर २० वेळा ५० रुपये, म्हणजे हजार रुपये जास्त. आणि फक्त कॉलसाठी १८९ चं मारणारी एखादी मावशी नातवाच्या हट्टाने ३४९ वर गेली, तर तिचे ३,२०० रुपये जादा जातात. त्यात वाडी-वस्तीवर ५जीचा टॉवरच नसेल, तर ‘अनलिमिटेड ५जी’ला अर्थ किती, हे ज्याचं त्याने बघावं.

खरी गोम मात्र एआयमध्ये नाही, जागेत आहे. ऑफर जाहीर झाली तेव्हा गुगलच्या या प्लॅनबरोबर २ टीबी साठवण मिळत होती. साध्या खात्याला १५ जीबी मिळते, म्हणजे ही सव्वाशे पटीहून जास्त. एवढी जागा मिळाली की फोन आपोआप लग्नाचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, शेताचे ड्रोन शूटिंग सगळं वर चढवत राहतो. व्हॉट्सअपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जातो. अठरा महिन्यांत सहज शंभर-दोनशे जीबी भरतात. मग मुदत संपते आणि खातं पुन्हा १५ जीबीवर येतं. फोटो त्या दिवशी लगेच पुसले जात नाहीत, पण नवीन काही चढत नाही आणि जीमेलवर मेल येणं-जाणं थांबतं. दोन वर्षं असंच मर्यादेबाहेर राहिलं तर गुगल सामान काढून टाकू शकतं, तसा कंपनीचा नियमच आहे. अशा वेळी माणूस एआयसाठी नाही, लेकीच्या लग्नाच्या फोटोंसाठी पैसे भरतो.

त्यात गावाकडची वेगळीच अडचण. अनेकांच्या फोनमधलं जीमेल खातं फोन घेतला त्या दिवशी दुकानदारानेच काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्यालाच माहीत, किंवा आता त्यालाही आठवत नाही. ऑफर त्याच खात्यावर चढते. फोन हरवला, बदलला, तर ऑफर जाऊ द्या, फोटोही हाती लागणं कठीण.

चॅटजीपीटीच्या फुकट वर्षाची भानगड वेगळी. ते सुरू करताना यूपीआय किंवा कार्ड जोडायला सांगतात. तिथे यूपीआय पिन टाकला की ‘ऑटोपे’ला मंजुरी जाते. वर्ष संपेपर्यंत बंद केलं नाही तर पुढे दर महिन्याला पैसे आपोआप कापले जाऊ शकतात. १५ हजारांपर्यंतच्या अशा कपातीला पुन्हा पिन मागितला जात नाही. २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण कर्जाच्या आणि लॉटरीच्या शंभर मेसेजांत तो इंग्रजी मेसेज वाचतो कोण? फोनपे किंवा गुगल पे मध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘ऑटोपे’ उघडलं की कोणाकोणाला अशी मंजुरी दिली आहे ते दिसतं, आणि तिथूनच ती रद्दही करता येते. यानिमित्ताने उघडून पाहिलं तर एखादं जुनं, विसरलेलं सबस्क्रिप्शनही सापडेल.

मग हे वापरायचंच नाही का? वापरायचं की! तहसीलदाराला अर्ज लिहायचा, बँकेचं इंग्रजी पत्र समजून घ्यायचं, दहावीच्या पोराला गणित पुन्हा समजावून सांगायचं, यासाठी हे साधन उत्तम आहे. मराठीत बोललं तरी चालतं. पण दोन ठिकाणी हात आखडलेला बरा.

पहिलं ठिकाण औषध फवारणीचं. सोयाबीनचं पान पिवळं पडलं, फोटो काढला आणि एआयला विचारलं, की ते ठामपणे उत्तर देतं. पण पिवळेपणा लोहाच्या कमतरतेने येतो, पाणी साचल्यानेही येतो आणि पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या मोझॅक विषाणूनेही येतो. विषाणू असेल तर बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही, रोगट झाडं उपटून माशी आवरावी लागते. एका फोटोवरून हा फरक दर वेळी ओळखू येत नाही. शिवाय हेक्टरी प्रमाण एकरी समजलं की डोस अडीच पट होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते अजून कोणी विसरलेलं नाही. डोस डब्यावरच्या लेबलावरचाच धरावा. शंका असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ वर फुकटात आणि मराठीत बोलतं, तेही सकाळी ६ ते रात्री १०. कृषी सहायकाचा नंबर फोनमध्ये असतोच.

दुसरं ठिकाण कागदपत्रांचं. सातबारा, आधार, पासबुकाचा फोटो टाकून ‘हे समजावून सांग’ म्हणणं सोपं आहे. पण जेमिनीवरच्या काही गप्पा माणसंही तपासतात, म्हणून गुप्त माहिती टाकू नका, असं गुगल स्वतःच सांगतं. तपासलेल्या गप्पा तीन वर्षांपर्यंत ठेवल्या जाऊ शकतात. आधार नंबर आणि खाते नंबर झाकून फोटो टाकला तरी काम होतं.

जिओची ऑफर ‘मायजिओ’ ॲपमध्येच मिळते, एअरटेलची ‘एअरटेल थँक्स’ ॲपमध्येच मिळत होती. व्हॉट्सअप ग्रुपवर ‘फ्री एआय’ नावाची एपीके फाइल आली, तर तो सरळ पैसे लुटायचा डाव समजावा. चुकून उघडली आणि खात्यातून रक्कम गेली, तर लगेच १९३० ला फोन लावायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

आता तारखा. एअरटेलची ऑफर ज्यांनी पहिल्याच दिवसांत घेतली, त्यांचं वर्ष जुलै २०२६ मध्ये भरतं. चॅटजीपीटीवाल्यांचं नोव्हेंबर २०२६ पासून पुढे. जिओचे १८ महिने एप्रिल २०२७ अखेरपासून संपायला लागतील. ज्याने नंतर घेतली, त्याने घेतलेल्या दिवसापासून मोजायचं. दुकानदाराने चालू करून दिली असेल, तर तारीख आणि जीमेलचा पासवर्ड त्याच्याकडून आत्ताच लिहून घेतलेला बरा.