इंजिन उघडण्यापूर्वी

परभणीहून मनमाडकडे निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात पेडगाव स्टेशन लागते. या गावातल्या एखाद्या शाळकरी मुलाच्या साध्या मोबाईलवर आज स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन फुकट चालते आणि ते मॅग्नस कार्लसनला हरवू शकते. खेड्यापाड्यांत बुद्धिबळ शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट दचकवते. मुलाच्या खिशातले यंत्र गुरुजींपेक्षा कितीतरी बलवान असेल, तर गुरुजींनी शिकवायचे काय?

माणूस श्रेष्ठ की यंत्र, हा वाद आता उरलेला नाही. १९९६ साली फिलाडेल्फियात कास्पारोव्हने डीप ब्लूला ४–२ असे हरवले. पुढच्याच वर्षी, मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला, सुधारलेल्या डीप ब्लूने त्याच्यावर ३.५–२.५ अशी मात केली. ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. २००६ मध्ये बॉनला जगज्जेता क्रॅमनिक डीप फ्रिट्झकडून २–४ हरला. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याने वजिरांची अदलाबदल सुचवणारी चाल केली आणि पुढच्याच चालीत त्याला मात मिळाली. एका चालीतली मात जगज्जेत्याला दिसली नाही! कार्लसनचे आजवरचे सर्वोच्च रेटिंग २८८२. इंजिनांच्या आपसांतल्या यादीत स्टॉकफिश ३६०० च्या घरात आहे. या दोन याद्या वेगळ्या असल्याने सरळ वजाबाकी करता येत नाही, पण अंतर प्रचंड आहे यात शंका नाही.

आपल्या वर्गांत खरी अडचण येते ती या बळामुळे नव्हे, तर इंजिन दाखवते त्या आकड्यामुळे. डाव संपला की मूल लगेच इंजिन उघडते, लाल रंगातली चूक पाहते, सुचवलेली चाल वाचते आणि मोकळे होते. ती चाल त्याला का सुचली नाही, हे तसेच राहून जाते. आकडा शून्य दाखवतो म्हणजे अचूक खेळल्यास बरोबरी होते, एवढेच. ती बरोबरी राखायला ओळीने सहा अवघड चाली शोधाव्या लागतील, तेही घड्याळात दोन मिनिटे उरलेली असताना, हे तो सांगत नाही. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. टायब्रेकच्या दुसऱ्या जलद डावात वेळेच्या ताणाखाली चुका झाल्या, दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टरही झाली. तो डाव नुसत्या आकड्यांनी तपासला तर चुकांची यादी हाती येईल; त्यातली झुंज कळणार नाही.

यंत्राचा उत्तम उपयोग कसा होतो, हे नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ च्या टोरांटोतील कँडिडेट्स स्पर्धेत दाखवले. दुसऱ्या फेरीत काळ्या सोंगट्यांनी खेळताना त्याने घरी तयार केलेला उंटाचा बळी दिला आणि नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका मोडली. अशा तयारीत इंजिन असतेच. पण कोणत्या प्रतिस्पर्ध्याला कोणती स्थिती पटावर नकोशी वाटेल, ही निवड खेळाडूची असते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की हरलेला डाव आधी वहीत लिहून घ्यावा. प्रत्येक वळणावर काय वाटले, कशाची भीती वाटली, कोणती चाल मनात येऊन टाळली, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. त्यानंतरच इंजिन उघडावे. दुसरे म्हणजे, जिंकत आलेली हत्ती-प्याद्याची अंतिम स्थिती मांडून मुलाला ती इंजिनाविरुद्ध जिंकायला लावावी. बचाव करताना इंजिन थकत नाही, कंटाळून डाव सोडत नाही. असा सराव पूर्वी मोठ्या शहरातल्या खेळाडूलाही सहज मिळत नसे. राजांसह सात सोंगट्यांपर्यंतच्या स्थितींचे अचूक निकाल आता इंटरनेटवर मोफत पाहता येतात. ते मात्र मुलाने आपले उत्तर लिहून दिल्यावरच दाखवावेत.

आणि मोबाईल स्पर्धेच्या दालनाबाहेरच राहील, याबाबत तालुका पातळीवरच्या पंचांनीही सवलत देऊ नये.

मुलांनी इंजिन न पाहता लिहिलेली अशी टिपणे वाचकांनी आमच्याकडे जरूर पाठवावीत. चुकांसकट, न सुधारता पाठवा. आम्ही ती तशीच छापू.