एका ‘व’ची गोष्ट

दिवाळीची झाडझूड म्हणजे आमच्या घरी उत्खननच! यंदा माळ्यावरच्या ट्रंकेतून आमच्या वडिलांचा १९३८ सालचा शाळेचा दाखला निघाला. कागद पिवळा पडलेला, पण छापील अक्षर ठसठशीत. नात तो घेऊन ओसरीवर आली आणि म्हणाली, “आजोबा, आपलं मंगरूळपीर विदर्भातलं ना? मग इथे ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असं का छापलंय? एका प्रांताला दोन नावं?”

“बेटा,” मी म्हणालो, “या कागदावरचा सगळ्यात महाग शब्द म्हणजे तो ‘व’!”

वाचकहो, त्या ‘व’ची हकीकत ऐकण्याजोगी आहे. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, म्हणून निझामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे दिले. दिले म्हणजे विकले नव्हे, नुसते लावून दिले. सरकारी नावही तसेच पडले : ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. घर एकाच्या नावावर आणि किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला, असा तो संसार! पुढे १९०२ मध्ये कर्झनसाहेबांनी वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले. जोडले बरे का, मिसळले नाही! मिसळले असते तर निझामाची मालकी बुडाली असे झाले असते. म्हणून मधे तो ‘व’ उभा केला.

निझामाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी खडसावून कळवले, की हिंदुस्थानात इंग्रज सत्तेच्या बरोबरीने बोलण्याचा हक्क कोणाही संस्थानिकाला नाही. आणि दहाच वर्षांनी, निझामाने नियोजित संघराज्यात यावे म्हणून, त्याच सरकारने मानाचे शब्द मोकळ्या हाताने वाटले! १९३६ च्या करारात वऱ्हाडावरचे निझामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले. त्याला ‘हैदराबाद व वऱ्हाडचे निझाम’ म्हणायचे ठरले आणि थोरले चिरंजीव ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. कारभार मात्र होता तिथेच, नागपूरला.

मोठ्यांची भांडणे अशा एका अक्षरावर मिटत असतील, तर मिटोत बापडी. त्यात वाईट काय, असे मलाही तरुणपणी वाटे. पण वडील एक गोष्ट हटकून सांगत. १९१९ च्या सुधारणांनंतर दिल्लीच्या कायदेमंडळासाठी वऱ्हाडातही निवडणूक होई. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे असेच तिथे गेले. पण वऱ्हाड कायद्याने ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हते. म्हणून मते पडून माणूस निवडून आला, तरी सरकार त्याची ‘नेमणूक’ करी! मत दिले वऱ्हाडकरांनी, आणि कागदावर कृपा साहेबाची. “आपलं मतसुद्धा उसनं होतं रे,” असे म्हणून वडील गप्प होत.

पुढे संस्थान गेले, साहेब गेला. आम्ही १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९९८ मध्ये अकोला जिल्हाही सुटला आणि वाशीम आला. आमची ओसरी मात्र जागची हलली नाही.

नातीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “पण आजोबा, १८५३ ला, १९०२ ला, १९३६ ला, इथल्या लोकांना कुणी विचारलं होतं का?”

“नाही.”

“मग पणजोबा स्वतःला काय म्हणायचे?”

“वऱ्हाडी. नुसतं वऱ्हाडी.”

तिने दाखल्याची घडी जपून घातली. आता तो ट्रंकेत नाही, माझ्या टेबलाच्या खणात आहे. जगाच्या नकाशावर आजही कुठे तुटक रेघ, कुठे सांभाळून लिहिलेले नाव दिसते. तसे काही वाचनात आले, की मी खण उघडतो आणि तो ‘व’ पाहतो. त्या रेघेखालीही कुणाची तरी ओसरी असेलच.