बाळाचा डबा आणि मोठ्या माणसाचा पेला



ऊस विकास खात्याच्या माणसाने दुधाच्या डब्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्याकडे उसाचे वाढे म्हशीच्या पुढ्यात पडते आणि म्हशीचे शेण उसाच्या सरीत जाते. त्यामुळे दुधाचा विषय आपल्याला परका नाही.

गटात फिरताना एक प्रकार कानावर येतो. घरात कोणी आजारातून उठले, म्हाताऱ्या आईचे खाणे कमी झाले किंवा पोरगा तालमीत जाऊ लागला, की तान्ह्या बाळाच्या दूध पावडरचा डबा आणायचा. "बाळाला ताकद येते, मग मोठ्याला का येणार नाही?" असा सरळ हिशेब. आणि त्याच घरातले म्हशीचे दूध दोन्ही वेळा शेवटच्या थेंबापर्यंत डेअरीला जाते. माझे स्पष्ट मत असे, की मोठ्या माणसाने हा डबा पिण्याचे काही कारण नाही. एखादा पेला पोटात गेल्याने काही बिघडणार नाही. पण ताकदीचे औषध म्हणून तो लावणे म्हणजे पैसा घालून कमी दूध विकत घेणे होय.

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. लागणीच्या वेळी आपण शिफारशीतल्या नत्रापैकी 10 टक्केच देतो आणि मोठ्या बांधणीला 40 टक्के देतो. कोंबाला झेपेल तेवढेच कोंबाला. उभ्या उसाला लागणीचा हप्ता देऊन कोणी उतारा मागत नाही. डब्याचेही तसेच आहे. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडे कोवळी असतात, त्यांना जादा प्रथिनांचा भार सोसत नाही. म्हणून डब्यातले दूध आईच्या दुधाच्या जवळ नेण्यासाठी त्यातली प्रथिने मुद्दाम कमी ठेवलेली असतात.

आता आकडे पाहू. म्हशीच्या 200 मिलिलिटर दुधात सात ते आठ ग्रॅम प्रथिने असतात, गाईच्या दुधात सहा-साडेसहा. नवजात बाळाच्या पावडरचे तेवढेच दूध कालवले तर त्यात तीन ग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 0.8 ग्रॅम प्रथिने लागतात; 60 किलोच्या माणसाला जवळजवळ 50 ग्रॅम. ही भरपाई डब्यातून करायची तर रोज तीन लिटरच्या वर प्यावे लागेल! उलट मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात.

"पण साहेब, डब्यावर सगळी जीवनसत्त्वं लिहिलेली असतात की!" असे कोणी म्हणेल. असतात, कारण पहिले सहा महिने बाळाला दुसरे काहीच खायचे नसते. सगळे त्या एका दुधातच असावे लागते, आणि तेही पाच-सहा किलोच्या जिवाच्या मापाने. आपल्या ताटात भाकरी आहे, आमटी आहे, मेथी-शेपू आहे.

"पचायला हलकं असतं," हेही अर्धेच खरे. ज्यांना दुधाने पोट फुगते किंवा जुलाब होतात, त्यांना बहुधा दुधातली साखर पचत नसते. नेहमीच्या डब्यात ती गाई-म्हशीच्या दुधापेक्षा जास्तच असते. अशा माणसाला दही-ताक बरे. मधुमेहाच्या माणसाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा देऊच नये.

खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. घरात बाळासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, डबा आणलेला असतो. त्यातच आजोबांचा पेला होऊ लागला की डबा लवकर तळाला जातो. मग तो पुरवायला बाळाच्या बाटलीत एक चमचा कमी पडतो. मोठ्याला त्यातून काही मिळत नाही आणि बाळ मात्र पातळ दुधावर उपाशी राहते. डब्याचे माप हे बाळाचे माप आहे, त्याला हात लावू नये. आणि बाळाला तरी डबा का? सरकारने 1992 साली कायदा करून या डब्यांच्या जाहिरातीला बंदी घातली, 2003 साली तो अधिक कडक केला. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम, हे डब्यावरच छापावे लागते. पहिले सहा महिने आईचेच दूध, हा नियम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला.

दुसरी काळजी अशी. माणूस वाळत चालला की डबा लावून घरचे निर्धास्त होतात. वजन उतरण्यामागे मधुमेह असू शकतो, क्षय असू शकतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. ऊस पिवळा पडला की आपण आधी मूळ उपटून हुमणी पाहतो, नुसता युरिया फेकत नाही. माणसाच्या बाबतीत घाई का?

डॉक्टरांनी एखाद्या रुग्णाला खास आहार लिहून दिला तर तो जरूर द्यावा. दात गेलेल्या म्हाताऱ्यांना दुधात शिजवलेली नाचणी, मऊ वरण-भात, शेंगदाण्याचे कूट घातलेली पातळ भाजी द्यावी. डेअरीचा पगार महत्त्वाचा आहे, हे मला मान्य आहे. पण कॅन भरण्याआधी घरच्यांसाठी लिटरभर दूध बाजूला काढावे. आपल्याच गोठ्यातले सकस दूध विकून त्या पैशाचे पातळ दूध घरी आणणे, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याच्या हिशेबात बसणारा नाही.

— ऊस विकास अधिकारी