मक्याचे पुडिंग : गोड नव्हे, जेवणातले!



पुडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जेवणानंतरची गोड वाटी येते. तळाला जाळलेली साखर आणि वर थरथरणारं दूध-अंडं. पण आज सांगणार आहे ते पुडिंग जेवणानंतरचं नाही, जेवणाबरोबरचं आहे. हे अमेरिकेतल्या घरांतलं मक्याचं पुडिंग. विशेषतः व्हर्जिनिया, केंटकी अशा दक्षिणेकडच्या राज्यांत ते फार आवडीने करतात. कोवळ्या मक्याचे दाणे, दूध, अंडी आणि लोणी एकत्र करून ओव्हनमध्ये भाजायचं, की झालं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे 'थँक्सगिव्हिंग'चा सण असतो. त्या दिवशी टर्कीच्या शेजारी कितीतरी घरांत हे भांडं मांडलेलं असतं.

'साइड डिश' म्हटलं म्हणून आपल्या पानाची डावी बाजू मात्र समजू नका हं! चटणी-कोशिंबिरीसारखं चिमूटभर वाढायचं हे प्रकरण नव्हे. मुख्य पदार्थ मांसाचा, आणि त्याच्या जोडीला उसळीसारखे दोन डाव या पुडिंगचे. आपल्यापैकी कितीतरी जणींचे भाऊ, मुली, नणंदा तिकडे आहेत. त्यांच्याकडे गेलात तर हा पदार्थ पानात येईलच. आणि इथल्या इथे करायचं म्हटलं तरी अडचण नाही, कारण गोड मका आता तालुक्याच्या गावीही मिळतो.

चवीची कल्पना यावी म्हणून सांगते. इंदूरकडच्या मराठी घरांत भुट्ट्याचा कीस करतात ना? किसलेलं कणीस दुधात शिजवायचं, वर हिरवी मिरची, लिंबू, कोथिंबीर. त्याच कणसाला आणि दुधाला अंड्याची जोड देऊन, मिरची बाजूला ठेवून, भाजून वडीसारखं जमवलं तर जे होईल, ते हे पुडिंग.

मक्याला जोड का हवी?

कृतीकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, धुऊन मगच वाटत आल्या आहेत. युरोपातल्या लोकांनी मका आपल्या देशी नेला, साऱ्या जगभर पेरला. पण चुन्याच्या पाण्याची ही रीत मात्र त्या स्वयंपाकघरांतच मागे राहिली. पीक गेलं, बाईचं शास्त्र गेलं नाही!

त्याची किंमत गरिबांनी मोजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात गोरगरिबांचं जेवण म्हणजे मक्याचं पीठ, काकवी आणि खारवलेली चरबी. त्या लोकांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, पुढे मनाचाही तोल जायचा. अनेकांना वाटे, हा संसर्गाचा रोग आहे. १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे हे काम सोपवलं गेलं. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन इथल्या अनाथाश्रमांत त्यांनी औषध दिलं नाही. मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि घेवडा-वाटाण्यासारखी कडधान्यं वाढवली. तेवढ्यावर तिथला रोग हटला. नायसिन या 'ब' गटातल्या जीवनसत्त्वाची उणीव हे खरं कारण पुढे १९३७ मध्ये उलगडलं. मक्यात नायसिन असतं, पण बांधलेलं. चुन्याचं पाणी ते मोकळं करतं. आणि दूध-अंड्यातल्या प्रथिनांपासून शरीर आपलं आपण थोडं नायसिन तयार करतं.

म्हणजे पाहा, कोवळं कणीस, दूध आणि अंडी यांचं हे साधंसुधं पुडिंग, पण ज्याची उणीव होती तेच त्यात भरलेलं आहे. अधूनमधून कणीस खाणाऱ्या आपल्या मुलांना भीती मुळीच नाही. मात्र रोजच्या जेवणात मक्याची भाकरी असेल, तर शेजारी डाळ, उसळ, दूध-ताक हवंच हवं. एकट्या मक्यावर पोट भरतं, पोषण होत नाही.

कणीस निवडताना

दाण्यात नख रुतवून पाहा. दुधासारखा चीक आला तर कणीस योग्य. नुसतं पाणी आलं तर फार कोवळं, आणि नख रुतलंच नाही तर जून. कणीस तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं पिष्ट होऊ लागतं, आणि उन्हात ठेवलं की ते लवकर होतं. म्हणून आणाल त्याच दिवशी वापरा, नाहीतर सालासकट फ्रीजमध्ये ठेवा.

आपला देशी पांढरा-पिवळा मका कोवळा मिळाला तर पुडिंग छान आळतं, कारण त्यात पिष्ट जास्त. बाजारातला गोड मका चवीला बरा, पण त्यात पिष्ट कमी, म्हणून त्याला थोडं कॉर्नफ्लोअर लागतं. फ्रीझरमधल्या पाकिटातले दाणेही चालतात. बर्फ पूर्ण सुटू द्या आणि पाणी निथळून टाका.

साहित्य (सहा माणसांना पुरेल, वाटी १५० मिलिलिटरची)

मक्याचे दाणे ३ वाट्या (मध्यम आकाराची ४ कणसं), अंडी ३, सायीसकट दूध दीड वाटी, लोणी २ मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे (देशी मका असेल तर १), साखर २ लहान चमचे, मीठ पाऊण लहान चमचा, मिरपूड पाव लहान चमचा.

कृती

१. दोन कणसांचे दाणे सुरीने सोलून अख्खे ठेवा. उरलेली दोन किसणीवर किसून घ्या. मग चारही बुरकुंडं ताटात उभी धरून सुरीच्या पाठीने वरून खाली खरवडा. जो दुधाळ गर निघतो तोच या पुडिंगचा जीव आहे, तो वाया घालवू नका. पाकिटातले दाणे असतील तर निम्मे मिक्सरमध्ये भरड फिरवा.

२. कॉर्नफ्लोअर चार चमचे गार दुधात कालवा, गुठळी राहू देऊ नका. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून, पाहून, मग मोठ्या भांड्यात घाला. अंडी काट्याने नुसती मोडून एकजीव करा. केकसारखी फेस येईपर्यंत घुसळायची नाहीत. हवा भरली की पुडिंग फुगतं आणि बाहेर काढताच बसतं.

३. उरलेलं दूध कोमट करून त्यात लोणी विरघळवा आणि हळूहळू अंड्यांत ओता. दूध उकळतं असेल तर अंडी फाटतील. मग कालवलेलं कॉर्नफ्लोअर, मका, साखर, मीठ, मिरपूड घाला.

४. आठ इंची, दोन इंच खोल काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्याला लोणी लावून मिश्रण ओता. हे भांडं एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवून ट्रेमध्ये निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी घाला. पाण्यामुळे कडा जास्त तापत नाहीत आणि आतबाहेर सारखं शिजतं.

५. ओव्हन आधी १७५ अंशांवर तापवून ४० ते ४५ मिनिटं भाजा. पहिल्या पंधरा मिनिटांनी एकदा तळापासून हलक्या हाताने ढवळा, म्हणजे खाली बसलेले दाणे वर येतील. कडा जमल्या, वर बदामी रंग आला आणि मधोमध किंचित थरथर राहिली की काढा. कडा आणि मध्य यांच्या बरोबर मध्ये सुरी खुपसून पाहा, ती स्वच्छ निघायला हवी. उरलेली थरथर भांड्यातल्या उष्णतेने जमते. दहा मिनिटं तसंच ठेवून मग वाढा.

'अजून पाच मिनिटं असू दे' हा मोह टाळा. अंड्याला जास्त ताप लागला की ते आवळतं, पाणी सोडतं, आणि पुडिंगचं फाटलेलं दूध होतं.

ओव्हन नसेल तर

कुकरच्या तळाला दोन इंच पाणी घालून त्यात जाळी ठेवा. पुडिंगच्या भांड्यावर घट्ट झाकण लावा, कुकरची शिट्टी काढून ठेवा आणि मंद आचेवर ३५ मिनिटं वाफवा. रंग येणार नाही, पण चवीत फार फरक नाही. ब्रेडचा चुरा लोण्यावर खमंग परतून वरून पसरलात तर खरपूसपणाही येतो.

अंडं चालत नसेल तर

दीड वाटी दुधात ३ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालून ते आळेपर्यंत शिजवा. त्यात मका, लोणी, मीठ, मिरपूड आणि पाऊण वाटी कुस्करलेलं पनीर मिसळा. लोणी लावलेल्या भांड्यात घालून १८० अंशांवर २५ मिनिटं भाजा. अंड्याच्या पुडिंगइतकं मऊ होत नाही, पण पनीरमुळे मक्याला जोड मिळते, आणि सासूबाईंनाही निर्धास्त वाढता येतं.

वाढताना

आपल्या जेवणात हे पुडिंग सौम्य लागतं, म्हणून शेजारी काहीतरी तिखट-आंबट हवं. सुकं चिकन, भरली ढोबळी मिरची किंवा टोमॅटोचं सार आणि पाव यांच्याबरोबर फार छान लागतं. पाहुणे येणार असतील तर सकाळीच मिश्रण कालवून फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी ते भाजायला टाकलं की गॅसच्या दोन्ही शेगड्या तुम्हाला मोकळ्या! गार मिश्रणाला दहा मिनिटं जास्त लागतील एवढंच. उरलेलं पुडिंग मात्र ओट्यावर ठेवू नका. दूध-अंड्याचा पदार्थ आहे, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे.

मुलांच्या डब्यात त्याच्या गार वड्याही जातात, पण त्या सकाळच्या मधल्या सुट्टीत संपतील तरच द्या. शाळेत शिकवते म्हणून सांगते, दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या डब्यांचा वास मला चांगला ठाऊक आहे!

तर या हंगामात कणसं आणाल तेव्हा दोन भाजून खा, आणि चार या पुडिंगसाठी राखून ठेवा. कसं झालं ते जरूर कळवा.