रपट्याच्या अलीकडे

जुलैतल्या एका रविवारी यवतमाळहून आम्ही 14 गाड्या निघालो. दारव्हा, दिग्रस, तिथून खेड्यांच्या रस्त्याने पुसद आणि अंधार पडायच्या आत परत, असा बेत होता. आदल्या दिवसापासून झड लागलेली, सकाळी जरा उघडीप मिळाली. दिग्रसपर्यंतचा डांबरी रस्ता निवांत गेला. पुढे आडरस्त्याला लागलो आणि तिसऱ्या गावाच्या अलीकडे नाला आडवा आला. रपट्याची जागा कळत होती, रपटा पाण्याखाली होता. कडेचे पांढरे दगड जेमतेम डोकी वर काढून होते.

मागून आवाज आला, “फूटभरच असेल, एकेक गाडी काढू.”

तेवढ्यात दुधाच्या कॅन लटकवलेली एक स्प्लेंडर येऊन थांबली. गाडीवाल्याने स्टँड लावला, कुंपणातली पऱ्हाटीची काडी मोडली आणि पुढच्या मडगार्डात बसलेला चिखल उकरता उकरता म्हणाला, “नोका जाऊ, भाऊ. वरतं पानी पडून रायलं, हे अजून चढन.” तो रोज याच रस्त्याने दूध घालतो. अर्ध्या तासाने पांढरे दगड दिसेनासे झाले होते. आम्ही गाड्या वळवल्या.

हे मासिक वाचणाऱ्यांत क्लब चालवणारे, राइडचे नेतृत्व करणारे आणि गाड्यांची दुरुस्ती करणारे अधिक आहेत. म्हणून हे त्यांच्यापाशीच बोलतो. पावसाळी राइडमध्ये पुढच्या गाडीवाल्याचे सर्वांत मोठे काम गाडी वळवण्याचे आहे, आणि तो निर्णय घरून निघण्याआधी झालेला असला पाहिजे. पाण्याच्या काठावर उभे राहून तो नीट होत नाही. तिथे मागे 13 इंजिने घरघरत असतात, कुणीतरी मोबाइल काढून व्हिडिओच्या तयारीत असतो, आणि ‘एवढे आलो तर’ हा शब्द कुणाच्या तरी तोंडून येतोच. पुढची गाडी पाण्यात शिरली की मागचे सगळे तिच्या लाल दिव्यामागे शिरतात. त्यातला सर्वांत नवखा पोरगा कितव्या नंबरवर आहे, हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात नसते.

वाहते पाणी 15 सेंटिमीटर असले तरी उभ्या माणसाचे पाय निसटू शकतात. 30 सेंटिमीटर पाणी लहान मोटारीला ढकलत नेते. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या गाडीची गत वेगळी सांगायला नको. शिवाय रपट्याची कड पाण्याने खाल्लेली असली तर ती गढूळ पाण्याखाली दिसत नाही, आणि काँक्रीटवर शेवाळ असतेच. सप्टेंबर 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या दहागावच्या नाल्यावरून नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी वाहून गेली, माणसे दगावली. अख्खी बस गेली, तिथे 180 किलोच्या गाडीचे काय. 2005 साली नांदगव्हाणचे धरण फुटले, तो पूर दिग्रसची जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. या भागातले लोक पाण्याला मान देतात, तो भोगून आलेला आहे.

पाण्याइतकीच काळजी करायला लावते ती आपली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. सरळ दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी डोलते, ती यामुळे. पण खरा धोका पांदण जिथे डांबराला मिळते तिथे असतो. वावरातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली माती पन्नास-शंभर मीटर रस्त्यावर सांडत जातो. वर पावसाची भुरभुर आली की त्या मातीचे लोणी होते. दिसायला रस्त्याचाच काळा रंग, त्यामुळे नवख्याला ती कळतही नाही. पांदण दिसली, बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसल्या, की वेग आधीच उतरवा. त्या पट्ट्यावर ना ब्रेक, ना एकदम रेस, ना गाडी आडवी घालणे. आणि मडगार्डात चिखल साचला तर थांबून काढा. तो घट्ट बसला की पुढचे चाक जाम होते, मग कुठलेही कौशल्य कामी येत नाही. दूधवाला ती काडी उगाच मोडत नव्हता.

एबीएसच्या भरवशावर बोलणारे पुष्कळ भेटतात. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. चिखलात नसलेली पकड ते आणून देत नाही, आणि सैल मातीवर गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबू शकते. ताशी 60 च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते. हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर गेलेले असते. म्हणून ओल्या अरुंद रस्त्यावर तिरप्या दोन रांगांचा हट्ट सोडा, एकामागे एक चला, आणि कोरड्या रस्त्यावर ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा. फोटोत रांग विरळ दिसेल, दिसू द्या.

एक सवय मला मनापासून खटकते. पाऊस आला की चारही इंडिकेटर लावून धावणारे क्लब. त्यात वळण्याची खूणच नाहीशी होते आणि मागच्याला काही कळत नाही. चालत्या गाडीला पुढचा-मागचा दिवा आणि अंगावर चमकत्या पट्ट्यांचे जाकीट पुरेसे आहे.

मेस्त्री मंडळींनाही एक विनंती. राइडच्या आठवड्यात गाडी आली की टायरच्या खाचांमधली झिजेची खूण गिऱ्हाइकाला बोटाने दाखवा. ड्रम ब्रेकची गाडी असेल तर पाण्यातून निघाल्यावर ब्रेक हलका दाबून थोडे अंतर चालवायचे, म्हणजे लायनर सुकतात, हे तोंडाने सांगा. ओल्यात हवा कमी करायची, हा जुना सल्ला मात्र देऊ नका. कंपनीने सांगितलेली हवाच ठेवायची, कमी हवेचा टायर पाणी नीट कापत नाही.

त्या दिवशी आम्ही पुसद पाहिले नाही. दिग्रसला परत येऊन गरम भजी खाल्ली, चहा घेतला, आणि दुपारीच यवतमाळचा रस्ता धरला. दोघे-तिघे नाराज होते, त्यांची नाराजी मला मान्य आहे. पण येत्या राइडचा निरोप पाठवताना प्रत्येक क्लबने वाटेतले नाले-रपटे नावानिशी लिहावेत, आदल्या दिवशी त्या गावातल्या कुणाला तरी फोन करून पाण्याचा अंदाज घ्यावा, आणि कुठून परत फिरायचे ती जागा निरोपातच ठरवून टाकावी.